राजहंस लंगडतोय, तळव्याला पुन्हापुन्हा गाठ येतेय: काय पाहायचं, घरी काय करायचं, कुठे थांबायचं

आमच्या सिंधुदुर्गातल्या वाडीत अकरा वर्षं राजहंस आहेत. चोचीच्या मुळाशी टेंगूळ असलेले, बाजारात चायनीज गूस म्हणून मिळतात ते. या अकरा वर्षांत त्यांचं सर्वांत जास्त वेळा करावं लागलेलं काम म्हणजे पाय धुणं, तपासणं आणि पट्टी बांधणं. सुरुवातीची तीन वर्षं मी दर वेळी पाय बरा करायचे आणि पावसाळा संपला की तोच पाय पुन्हा माझ्या मांडीवर असायचा. दुखणं पायाचं असलं तरी कारण पायाखाली होतं, हे कळायला तीन पावसाळे गेले. कुणाचे इतके दिवस जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मुख्य विषय आहे तळव्याची गाठ, म्हणजे बंबलफूट. पण लंगडणाऱ्या प्रत्येक राजहंसाला बंबलफूट झालेला नसतो, म्हणून बाकीची कारणंही वाटेत येतील.

लक्षणं

सकाळी खुराड्याचं दार उघडलं की एक पक्षी कळपाच्या मागे राहतो. चार पावलं टाकतो आणि बसतो. बसल्या बसल्याच खातो. पाण्यात नेहमीपेक्षा जास्त वेळ काढतो, कारण तिथे पायावर भार नसतो. नर असेल तर अनोळखी माणसाच्या अंगावर धावून जाणं बंद करतो. आमच्या ढवळ्याचं दुखणं मला दोनदा असंच कळलं, पोस्टमन शांतपणे दारापर्यंत आला म्हणून.

पाय उलटा करून पाहिला तर सुरुवातीला तळव्यावर लालसर, गुळगुळीत, चकाकणारा डाग दिसतो. निरोगी तळव्यावर बारीक दाणेदार खरखरीतपणा असतो, तो तिथे झिजलेला असतो. पुढच्या पायरीला मसुरीच्या दाण्याएवढी काळी-तपकिरी खपली येते. त्यानंतर खपलीभोवती सूज, मग बोटांच्या मधल्या भागापर्यंत सूज आणि पाय हाताला गरम लागणं.

एका पायावर उभं राहणं हे मात्र लक्षण नव्हे. राजहंस विश्रांती घेताना तसे उभे राहतातच. पाय बदलत असतील तर काळजी नको. नेहमी तोच पाय वर असेल तर पाहा.

पुढचं काही दिसलं तर हा लेख वाचत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. दोन्ही पाय लुळे पडले आणि मग पंख, मान सैल पडत चालली, तर सडलेल्या डबक्यातलं किंवा कुजलेलं काही खाऊन बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाची बाधा, झालेला असू शकतो. मादी पाय ओढते आहे, शेपटी हलवत कुंथते आहे, तर अंडं अडकलं असेल. आतल्या दाबामुळे पाय निकामी झाल्यासारखा दिसतो आणि आपण उगाच तळवा तपासत बसतो. काही तासांत अख्खा पाय सुजला तर साप चावला असण्याची शक्यता धरा. राजहंस असले की साप येत नाही असं आपल्याकडे म्हणतात, पण फुरसं दगडाखाली गप्प बसून असतं आणि राजहंस चोच सगळीकडे खुपसतो. आणि एकाच वेळी अनेक पक्षी आजारी, पायांवर जांभळट डाग, अचानक मरतूक, असं असेल तर कुठल्याही पक्ष्याला हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तेव्हापासून ही गोष्ट आपल्या राज्यात कुणी हलक्यात घेऊ नये.

पहिली तपासणी: लांबून पाहणं

याला पैसा लागत नाही, पण बहुतेक जण हेच टाळतात. पकडण्याआधी दहा मिनिटं दुरून बघा. राजहंस माणूस जवळ आला की दुखणं लपवून चालतो. कोणता पाय, तो टेकवताना पूर्ण टेकवतो की फक्त बोटं, मांडीपासून ओढतो की खालीच अडखळतो, हे पाहा. खाली अडखळत असेल तर तळवा, बोटं किंवा घोटा. मांडीपासून ओढत असेल तर मार, मुरगळ किंवा पोटातलं काही. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेऊन ठेवा. पुढे डॉक्टरांकडे जावं लागलं तर त्यांच्या टेबलावर तुमचा पक्षी चालून दाखवणार नाही.

दुसरी तपासणी: पाय धुऊन बघणं

निम्म्या वेळा दुखणं इथेच सापडतं. पण आधी पकडायचं कसं ते. पाय धरून कधीही पकडू नका. बदकं आणि राजहंस यांचे पाय अंगाच्या मानाने नाजूक असतात, खेचले तर खुब्यात इजा होते आणि साधं लंगडणं कायमचं होऊन बसतं. दोन्ही पंख अंगाशी दाबून, पक्षी काखेत, त्याचं तोंड तुमच्या पाठीमागे, असा धरा. डोक्यावरून जुना टॉवेल टाकला की तो बराच शांत होतो. सोबत दुसरं माणूस असावं.

कोमट पाणी, जुना मऊ ब्रश, आणि हातात हातमोजे. मोजे यासाठी की बंबलफूट करणारे जंतू बहुतेकदा स्टॅफिलोकोकस ऑरियस जातीचे असतात आणि आपल्या हाताला चीर असेल तर तेच तिथेही पू करतात. चिखल निघाला की तळवा, बोटांमधला पडदा आणि नखांची मुळं उजेडात नीट पाहा. मला आजवर सापडलेल्या वस्तू: लिंबाचा काटा, बांबूची कुसळं, काचेचा तुकडा आणि तंगूस. जाळ्याचा तो नायलॉनचा दोरा बोटाभोवती इतका आवळलेला असतो की वरच्या सुजेत दिसतच नाही. एखादंच बोट सुजलंय आणि मुळाशी खाच आहे, तर आधी तंगूस शोधा. वरवर असेल तर बारीक कात्रीने कापा. मांसात रुतला असेल तर ओढू नका, डॉक्टर.

काटा दिसत असेल तर चिमट्याने काढा, पॉव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा आणि तीन दिवस कोरड्या जागेत ठेवा. काही न सापडता चकाकणारा डाग किंवा काळी खपली दिसली, तर तो बंबलफूट.

तिसरी तपासणी: दोन्ही पाय दोन हातांत

राजहंसाच्या पायात धमन्या आणि शिरा इतक्या जवळून जातात की खाली उतरणाऱ्या रक्तातली उष्णता वर चढणाऱ्या रक्ताला मिळते. त्यामुळे सकाळच्या गारव्यात पाय एरवी थंड लागतात. दुपारच्या उन्हात मात्र पक्षी अंगातली उष्णता पायांतूनच बाहेर टाकतो आणि दोन्ही पाय गरम होतात. म्हणून ही तपासणी सकाळी करायची आणि एकाच वेळी दोन्ही पाय हातात धरायचे. एकच पाय गरम असेल तर आत जंतुसंसर्ग आहे. मग घोटा आणि वरचा सांधा हळूच वाकवून बघा. सांधे सुजलेले, दोन्हीकडे गाठाळ वाटले तर तो तळव्याचा प्रश्न नाही. मूत्रपिंडं बिघडून सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साठल्याचंही ते लक्षण असतं. तिथे घरगुती उपचार नाही.

चौथी तपासणी: जमीन

माझी खरी चूक इथे होती, म्हणून इथे जरा थांबते.

पूर्वी आमचं खळं शेणाने सारवलेलं असायचं. नंतर सोय म्हणून कोबा घातला. धुवायला सोपं, चिखल नाही. त्याच वर्षी पहिली गाठ आली आणि मी दोन गोष्टींची सांगड घातली नाही. राजहंस दिवसभर चरत फिरणारा पक्षी. साडेचार-पाच किलोचं वजन दोन तळव्यांवर घेऊन तो मऊ गवतावर आणि ओल्या मातीवर चालण्यासाठी घडलेला आहे. कोबा मागे दबत नाही. सगळा भार तळव्याच्या मधल्या उंचवट्यावर येतो, तिथलं रक्त दाबलं जातं, कातडी झिजते आणि केसाएवढ्या भेगेतून जंतू आत जातात.

त्यात आमचा पाऊस. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं. चार महिने तळवे भिजून मऊ झालेले असतात आणि मग ऑक्टोबरच्या उन्हात तोच कोबा तापतो, मऊ कातडी सुकून तडकते. गाठी पावसाळ्यानंतर का दिसतात याचं उत्तर हे. बी पावसात पडलेलं असतं.

दुसरी गोष्ट मला एका संध्याकाळी टाकीजवळ बसल्यावर दिसली. टाकीला चिऱ्यांची पायरी होती, दीड फूट उंच. सहाही पक्षी पाण्यातून निघून तिथूनच, एकाच जागेवर, धपकन उड्या मारत होते. मी पायरीवर हात फिरवला तर जांभ्याची कड खवणीसारखी लागली. ढवळ्या दर वेळी उजव्या पायावर उतरत होता. त्याची गाठ दर वेळी उजव्याच पायाला येत होती.

तेव्हा तुमच्याकडे हे बघा: पक्षी दिवसातला जास्तीत जास्त वेळ कुठे उभा असतो, आणि उंचावरून कुठे उतरतो. या दोन जागा दुरुस्त केल्याशिवाय औषधाला हात घालू नका. आम्ही पायरीच्या जागी फळीचा बसका उतार केला आणि त्यावर गोठ्यात गाईंखाली घालतात तो रबरी मॅट ठोकला. पिण्याच्या पाण्याचं घमेलं दर दोन दिवसांनी हलवतो, नाहीतर त्याभोवती कायम ओल राहते आणि सगळे त्याच ओलीत विष्ठा करत उभे राहतात. कोब्याच्या निम्म्या भागावर वाळू पसरली. खुराड्यात भाताचा पेंढा जाडसर घालून ओला झालेला रोज काढतो. नाक खाली नेल्यावर अमोनियाचा झोंबरा वास आला तर पेंढा बदलायला उशीर झालाय असं समजा. आणि बुरशी आलेला पेंढा फुकट मिळाला तरी घालू नका. ती बुरशी फुप्फुसात जाऊन पक्षी मरतो.

हे केल्यानंतर वर्षाला पाच-सहा गाठींवरून आम्ही एखाददुसऱ्या गाठीवर आलो. औषध तेच होतं.

पाचवी तपासणी: खाणं आणि वजन

जड पक्ष्याचे तळवे लवकर फुटतात. भात, कण्या, मक्याचा भरडा यांवर पोसलेला राजहंस दिसतो छान, पण त्याला मुख्यतः गवत हवं. दिवसभर चरायला मिळत असेल तर धान्य संध्याकाळी मूठभर पुरे. हिरव्या चाऱ्यातून अ जीवनसत्त्व मिळतं, ते कातडी धड ठेवतं. शेवग्याचा पाला आमचे पक्षी आवडीने खातात.

पिल्लांची गोष्ट वेगळी. दोन-तीन आठवड्यांचं पिल्लू गुडघे वाकवून बसत असेल, पाय धनुष्यासारखे वाटत असतील, तर तळवे बघून उपयोग नाही. त्याला नायसिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, कमी पडतंय. राजहंसाच्या लहान पिल्लांना किलोभर खाद्यात सुमारे 65 मिलिग्रॅम नायसिन लागतं. कोंबडीच्या पिल्लांची गरज याच्या जवळपास निम्मी असते आणि दुकानातलं खाद्य कोंबडीसाठी बनवलेलं असतं. मक्यातलं नायसिन बांधलेल्या रूपात असल्याने पचत नाही, पॉलिशच्या तांदळाच्या कण्यांत ते मुळातच थोडं. एक वाटी खाद्याला एक ते दीड मोठा चमचा ब्रुअर्स यीस्टची पावडर मिसळा. लवकर सुरू केलं तर काही दिवसांत पिल्लू उभं राहतं. पाय वाकडे होऊन महिना गेला असेल तर हाडं तशीच राहतात, म्हणून वाट पाहू नका.

घरचा उपचार

फक्त लाल डाग असेल, खपली नसेल: दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात पाय, एक लिटरला दोन मोठे चमचे इप्सम मीठ. हे पाणी त्याला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. मग पाय कोरडा पुसून मऊ पेंढ्यावर ठेवा. पट्टीची गरज नाही. आठवड्यात डाग फिका पडतो.

लहान खपली असेल तर हेच शेकणं तीन-चार दिवस करा. खपली मऊ होऊन आपोआप उचलली गेली तर जाऊ द्या, कधी तिच्यासोबत पिवळट कडक खिळाही येतो. मात्र दाबून पू काढायला जाऊ नका. आपल्या गळवातला पू पातळ होतो, कारण आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये तो विरघळवणारं द्रव्य असतं. पक्ष्यांच्या पेशींमध्ये ते नसतं, त्यांचा पू पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट होतो. तो दाबल्याने बाहेर येत नाही, आतच स्नायूबंधांकडे सरकतो. मोबाईलवर ब्लेडने गाठ कापून दाखवणारे व्हिडिओ खूप आहेत. ते करू नका. तळव्यात बोटांचे स्नायूबंध आणि रक्तवाहिन्या अगदी वरच असतात आणि भूल न देता कापणं म्हणजे त्या जीवाला यातना देणं आहे.

खपली गेल्यावर पॉव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्क्या चहाच्या रंगाचं करून जखम धुवा, न चिकटणारा गॉज ठेवा. आता मला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती: योगासनाच्या जुन्या फोमच्या चटईची चकती कापा, मधे जखमेएवढं भोक पाडा आणि ती गॉजवर बसवा. भार कडेवर जातो, जखम अधांतरी राहते. वरून क्रेप बँडेज बोटांच्या मधून घेत घोट्यापर्यंत गुंडाळा. तासाभराने बोटांची टोकं बघा. सुजली किंवा गार पडली असतील तर पट्टी आवळली आहे, लगेच सोडा. पावसाळ्यात पट्टी रोज बदला, उन्हाळ्यात एक दिवसाआड. ओली पट्टी असण्यापेक्षा पट्टी नसलेली बरी.

या दिवसांत तळ्यावर सोडू नका. पण डोकं पूर्ण बुडेल अशी खोल बादली समोर हवीच, नाहीतर डोळे-नाक चिकटतात. पट्टी बदलण्याआधी स्वच्छ पाण्याच्या टबात पंधरा मिनिटं पोहू दिलं तर त्याला बरं वाटतं. आणि त्याला एकटं कोंडू नका. जोडीदार सोबत ठेवा, निदान दिसेल असा. एकटा राजहंस खाणं सोडतो, हे मी पाहिलं आहे.

काय लावायचं नाही, द्यायचं नाही

तेल-हळदीचा लेप माझ्या सासूबाईंच्या आग्रहाखातर मी दोनदा लावला. हळदीने वाईट काही झालं नाही, पण तेलावर सगळी माती चिकटली, पिसं तेलकट झाली आणि त्यांतून पाणी आत शिरू लागलं. रॉकेल, टर्पेंटाइन अजिबात नको. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतल्याने भरत आलेली जखमही करपते. बधिर करणारी मलमं पक्ष्यांना घातक ठरू शकतात.

घरातली वेदनाशामक गोळी तर कधीच देऊ नका. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन आपली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. वेदनेवर पक्ष्याला काही द्यायचंच तर मेलॉक्सिकॅमसारखं औषध डॉक्टर वजनावरून मापून देतात. उरलेलं अँटिबायोटिकही अंदाजाने देऊ नका: डोस चुकला तर जंतू त्याला जुमानेनासे होतात, आणि औषध चालू असताना व संपल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे डॉक्टरच सांगू शकतात.

इथे थांबा

सूज बोटांच्या पडद्यात किंवा घोट्याकडे चढली. खपली वाटाण्याहून मोठी आहे. पाय टेकवतच नाही. जखमेला वास येतो किंवा अळ्या दिसतात. पक्ष्याने दिवसभर खाल्लं नाही. दोन्ही पायांना एकदम गाठ आली. सात दिवस नीट उपचार करूनही फरक नाही. किंवा तीच गाठ त्याच जागी तिसऱ्यांदा आली, मग ती कितीही लहान असो. यातलं एकही असेल तर घरचा उपचार संपला. संसर्ग हाडात उतरला की पाय वाचवणं कठीण जातं, आणि हाडात उतरलाय की नाही हे एक्स-रेशिवाय कळत नाही.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा 1962 या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे रोज गाई-म्हशी येतात, राजहंस क्वचितच. त्यामुळे पक्ष्याचं वजन, व्हिडिओ, गाठीचे तारखेवार फोटो आणि आजवर काय लावलं याची चिठ्ठी सोबत न्या. जखमेतला नमुना तपासून औषध ठरवता येईल का, हे स्वतःहून विचारा. शस्त्रक्रिया लागणार असेल तर मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि साताऱ्याकडे शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय, या दोन ठिकाणी चौकशी करा. नेताना उंच कडेच्या क्रेटमध्ये पेंढा घाला आणि पहाटे निघा, दुपारच्या गाडीत हे पक्षी उष्म्याने घाबरे होतात.

बऱ्या झालेल्या तळव्यावर नवी कातडी येते ती पातळ असते. पट्टी सुटल्यावरही तीन आठवडे मी पक्ष्याला कोब्यावर येऊ देत नाही, आणि कोजागिरीच्या आसपास, पाऊस ओसरला की, सहाही जणांचे पाय एकेक करून धुऊन बघते. गेल्या वर्षी ढवळ्याच्या उजव्या पायावर फक्त लाल डाग होता. आठ दिवसांत गेला.